सुरळीला हात लावू नये

हे मार्गदर्शन ज्यांच्या हातून अजून एकही मॉन्स्टेरा मेलेला नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या हातून मेला आहे त्यांना यातलं सगळं ठाऊक असतं, फक्त ते चारचौघांत बोलत नाहीत. माझ्या नावावर दोन मॉन्स्टेरा आणि एक अलोकेशिया जमा आहेत. शिवाय एक फिडल लीफ फिग. तो मेला नाही, सगळी पानं टाकून नुसती काठी होऊन चार महिने दिवाणखान्यात उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याबद्दल सांगत राहिला. एवढ्या भांडवलावर माणूस इतरांना शिकवायला पात्र ठरतो, अशी आपल्याकडे रीतच आहे.

पूर्वतयारी म्हणून आधी तुळस विसरावी. वृंदावनातली राहू द्या, डोक्यातली काढा. मराठी घरात बागकाम कुणी कुणाला शिकवत नाही, ते तुळशीवरून आपोआप येतं. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, अंगणातलं भरपूर ऊन, रोजच्या रोज, न चुकता. एक दिवस खंड पडला तर झाडाआधी आपल्यालाच अपराधी वाटतं. पुढे गुलाब आणा, मोगरा आणा, हात पुन्हा तांब्याकडेच जातो, आणि त्या झाडांना ते बऱ्यापैकी चालूनही जातं. मोठ्या पानांच्या झाडांवर मात्र हे संस्कार झालेले नाहीत. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या ओल्या जंगलांतला. तिथे तो जमिनीवर रुजतो, मोठ्या झाडाचं खोड गाठतो आणि त्याला कवटाळून वर चढतो. पाऊस धो धो पडतो, पण मुळं झाडाच्या सालीला आणि भुसभुशीत पाचोळ्याला धरलेली असतात, त्यामुळे पाणी पायाशी थांबत नाही. ऊन वरच्या पानांतून गाळून, कवडशाकवडशाने खाली येतं. पान मोठं का, तर मिळेल तो कवडसा झेलायला. आणि पानाला भोकं का, यावर 2013 साली ख्रिस्तोफर म्यूर या शास्त्रज्ञाने मांडलेला तर्क मला फार आवडतो: तेवढाच ऐवज भोकं ठेवून जास्त जागेवर पसरला, तर फिरत्या कवडशातलं थोडं थोडं ऊन जास्त वेळा पदरात पडतं. एकदम घबाड मिळत नाही, पण उपासही घडत नाही. महिनाअखेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटावं.

याच कुळीतल्या एका वेलीची गोष्ट तर याहून मजेची आहे. तिचं बी जमिनीवर रुजलं की कोंब उजेडाकडे वळत नाही, आसपासच्या सर्वांत काळोख्या जागेकडे सरपटत जातो. कारण जंगलात काळोखी आकृती म्हणजे मोठं खोड, आणि खोड म्हणजे वर जायचा जिना. हा अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला. असल्या घराण्यातलं झाड आपण पश्चिमेच्या गॅलरीत, एप्रिलच्या उन्हात, तुळशीच्या शेजारी ठेवतो आणि वर त्याला रोज पाणी घालतो.

आता खरेदी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही अंगांना रोपवाटिका लागतात. तिथे जावं, पण गाडीची डिकी रिकामी आणि बायको बरोबर असताना जाऊ नये, दोन्ही भरून येतात: डिकी झाडांनी आणि बायकोचे कान माझ्या समर्थनाने. नर्सरीवाला झाडाला ‘मॉन्स्टर’ म्हणेल, त्याला सुधारू नये, पुढे तुम्हीही तेच म्हणणार आहात. लहान रोपाच्या पानांना भोकं नसतात, ती अखंड बदामासारखी असतात. त्यावरून नर्सरीवाल्याशी भांडू नये. मी भांडलो आहे. त्याने शांतपणे विचारलं, “साहेब, तुमच्या पोराला जन्मतः मिशा होत्या का?” झाड मोठं झालं की नव्या पानांना आधी कापे पडतात, मग भोकं. पान सुरळीत गुंडाळलेलं असतानाच, अगदी बाल्यावस्थेत, ठरावीक ठिकाणच्या पेशी स्वतःहून मरतात आणि तिथे भोक राहतं. जुन्या अखंड पानांना नंतर भोकं पडत नाहीत. पडलीच तर ती अळीने पाडलेली असतात.

ऑनलाइन घेणार असाल तर एक शब्द पक्का करावा: पेर. उसाची कांडी लावताना शेतकरी डोळा बघतो, तसं इथेही छाटाला निदान एक पेर आणि त्यावर डोळा हवा. मला एकदा एका विक्रेत्याने पांढऱ्या पट्ट्यांचं, भारी किमतीचं एक पान पाठवलं. देठासकट, पण पेराविना. ते पाण्यात ठेवलं तर त्याला मुळंसुद्धा फुटली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. नुसत्या पानाला मुळं फुटतात आणि ते महिनोन्‌महिने टवटवीत राहतं, पण त्यातून झाड कधीच येत नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसासारखं ते स्वस्थ बसून राहतं.

जागा. बहुतेक घरांत झाडाची जागा झाडाकडे पाहून ठरत नाही. जिथे सोफा मावला नाही आणि विजेचा मीटर दिसतो, तो कोपरा झाडाला मिळतो. साधी कसोटी अशी: दुपारी बाराला, दिवा न लावता, त्या कोपऱ्यात बसून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या पाहिजेत. आल्या तर झाड ठेवावं. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं थेट ऊन पानावर पापड भाजल्यासारखा डाग पाडतं आणि तो डाग पान गळेपर्यंत तसाच राहतो.

मातीबद्दल थोडक्यात. नर्सरीतली लाल माती दिसायला सुरेख असते आणि दोन महिन्यांत तिची वीट होते. नवी कुंडी भरताना कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा आणि जाड वाळू असं काहीतरी खडबडीत मिश्रण करावं. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, की जमलं. कुंडी मात्र वाढत्या अंगाची घेऊ नये. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, पहिलं वर्ष बाह्या दुमडून काढतो, तिथे ते ठीक आहे. झाडाला ढगळ कुंडी दिली की मुळं मध्यभागी आणि चहूकडे कुणीच पाणी पीत नाही असं ओलं चिखलाळ रान, असं होतं. आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी पुरे. जुन्या कुंडीतून झाड काढताना मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नये.

आणि पाणी.

माझा पहिला मॉन्स्टेरा पिवळा पडायला लागला तेव्हा मी त्याला जास्त पाणी घातलं. यात माझी चूक नाही, सुकलेल्या आणि सडलेल्या झाडाची पानं सारखीच माना टाकतात. एका रविवारी शेवटी कुंडी आडवी करून झाड उपसलं. नाल्याजवळून जाताना येतो तो वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून बोटांत आलं आणि आत सुतळीचा एक धागा तेवढा लोंबत राहिला. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी सतत पाणी राहिलं की ती गुदमरतात, मग बुरशी येऊन उरलेलं काम उरकते.

मी घरात चौकशी समिती नेमली. निष्पन्न झालं ते असं. मी बुधवारी आणि रविवारी पाणी घालत होतो. बायको मंगळवारी आणि शुक्रवारी घालत होती, कारण माझ्या लक्षात राहत नाही याची तिला खात्री होती. आई रोज सकाळी तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी त्याच्या बुंध्याशी ओतत होती. “त्याला काय एकट्याला उपाशी ठेवायचं?” आणि मावशी फरशी पुसायच्या आधी टेबलावरच्या बाटल्यांतलं कालचं शिळं पाणी त्यातच रिकामं करत होत्या. “टाकून कसं द्यायचं दादा, पिण्याचं पाणी आहे.” चौघांनाही मनापासून वाटत होतं की या झाडाकडे आपल्याशिवाय कुणी बघत नाही.

मग कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी झाडाचं पाणी लिहायला सुरुवात केली. आठवडाभराने दुधाच्या हिशोबात दोन लिटर पाणी निघालं. शेवटी जो उपाय टिकला तो असा: तर्जनी मातीत दोन पेरं खुपसावी. ओल लागली तर बोट बाहेर काढावं, हात धुवावा आणि आपल्या कामाला जावं. हे तिसरं फार अवघड आहे. कोरडं लागलं तर मात्र कंजुषी करू नये. कुंडीच्या तळच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत सावकाश घालावं आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकावं. उन्हाळ्यात आमच्याकडे हे आठवड्यातून दोनदा होतं, ऐन पावसाळ्यात दहा-दहा दिवस होत नाही. ताटलीत पाणी राहिलं की आठवडा-दहा दिवसांत तिथे डेंग्यूच्या डासांची पिढी तयार होते. आरोग्य खात्याचं ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ हे आवाहन आपल्या घरात फक्त कुंडीनेच मनावर घ्यायचं आहे.

अलोकेशियाबद्दल एक खुलासा इथेच करतो. पावसाळ्यातल्या सकाळी त्याच्या पानाच्या टोकाशी टपोरा थेंब लटकलेला दिसतो आणि तो नेमका सोफ्याच्या हातावर पडतो. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, झाड रडतंय, त्याला कुणीतरी बोललं असणार. रडत नाही. रात्री माती ओली आणि हवा दमट असली की मुळं पाणी वर ढकलत राहतात, पण त्याची वाफ होऊन जायला वाट नसते. म्हणून पानाच्या कडेची बारीक रंध्रं ते पाणी थेंबाथेंबाने सोडतात. झाड निरोगी असल्याचीच ती खूण. फार गळत असेल तर मात्र पुन्हा चौकशी समिती नेमावी.

खताच्या बाबतीत स्वयंपाकघराला कुंडीपासून चार हात लांब ठेवावं. तांदळाचं धुवण महिन्यातून एखाद्या वेळी, पातळ करून, चालेल. दूध-साखरेच्या चहाचा चोथा चालणार नाही, त्याने मुंग्या येतात आणि पाठोपाठ मातीतून उठणाऱ्या बारीक काळ्या माश्या, ज्या बरोबर जेवताना नाकासमोर येतात. थंडीत खत नकोच. पुण्याला पारा दहाच्या आसपास उतरला की ही मंडळी गोधडीत शिरतात. अलोकेशिया तर कधीकधी सगळी पानं टाकून नुसत्या कंदावर झोपतो. मेला असं समजून मी माझा कचऱ्यात दिला. कंद दाबून बघायचा असतो, टणक असला तर झाड जिवंत असतं, हे मला नंतर कळलं.

पानं पुसणे हा घरातल्या माणसांचा आवडता भाग. हातभर लांब पान धुळीने माखलं की झाडाच्या तोंडचा घास पळतो, म्हणून पुसावं हे खरं. पण खोबरेल तेलाने, दुधाने, केळीच्या सालीच्या आतल्या बाजूने पुसू नये. तेलाने पान लग्नाच्या मांडवातल्या करवलीसारखं चमकतं आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ त्याला चिकटते. श्वासाची रंध्रं बहुतेक पानाच्या पालथ्या बाजूला असतात, तिथे तेल गेलं तर आणखीच पंचाईत. जुन्या मऊ पंच्याचा तुकडा साध्या पाण्यात पिळून घ्यावा, डावा तळहात पानाखाली आधाराला धरावा आणि उजव्या हाताने देठाकडून टोकाकडे पुसत जावं. बाळाची पाठ पुसतो तसं. पालथी बाजू पुसताना पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कानातल्या कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक उचलावा आणि मग आठवडाभराच्या अंतराने कडुनिंबाच्या तेलाची साबण मिसळून फवारणी करावी. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.

आता वड्यांचा प्रश्न. तो येणारच. अलोकेशियाची पहिली चार पानं बाहेर पडली त्या दिवशी आईने चष्मा लावून एक पान उलटसुलट पाहिलं, देठ चाचपला आणि विचारलं, “याच्या वड्या होतात का रे?”

तिचं चुकलेलं नाही. अळू, सुरण, शेवळं, आपल्या खिडकीतला मनी प्लांट, मॉन्स्टेरा आणि अलोकेशिया हे सगळे एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्राने त्यांना एका घरात राहायला दिलंय, आणि सगळ्या घराला एकच खोड आहे. पानादेठांत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया असतात. चावलं की त्या जिभेत-घशात टोचतात, तीच आपली अळवाची खाज. अळवाला आपण चिंच लावतो, सुरणाला आमसूल, कोकणात शेवळांबरोबर काकडं घालतात. पिढ्यान्‌पिढ्या घसे खाजवून घेऊन माणसांनी ही जोडपी जुळवली आहेत. शोभेच्या अलोकेशियासाठी असं स्थळ कुणी शोधलेलं नाही, आणि आपण पहिले होऊ नये. ढोबळ खूण अशी की अळूचं पान मान खाली घालतं आणि अलोकेशियाचं बहुधा टोक वर करून उभं राहतं. पण ही खूण बागेसाठी आहे, पातेल्यासाठी नाही. रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी आणि छाटणीनंतर हात धुवावेत.

“मग एवढी मोठी पानं कशाला वाढवायची?” आई म्हणाली. 1966 साली मलेशियातल्या साबामध्ये अलोकेशियाचं तीन मीटरहून लांब आणि जवळजवळ दोन मीटर रुंद पान सापडल्याची नोंद आहे, हे मी तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. डोळ्यांवरून कळलं की ती बेसन किती लागेल याचा हिशोब करते आहे.

मॉन्स्टेराचं फळ मात्र खातात. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘डेलिसिओसा’ म्हणजे चविष्ट. कणसासारखं फळ, पिकायला वर्षभर लागतं, आणि खवले आपोआप सुटतील तेवढाच भाग खायचा. घाई केली की पुन्हा त्याच सुया. फ्लॅटमध्ये ते धरणं दुर्मीळ, तेव्हा या परिच्छेदाचा उपयोग फक्त पाहुण्यांसमोर करावा.

आधाराबद्दल सांगायचं राहिलं. मॉन्स्टेराच्या खोडातून तपकिरी, दोरीसारखी मुळं लोंबायला लागतात. ती कापू नयेत. बायकोने कात्री आणली होती, आई आडवी आली: “पारंब्या आहेत त्या. कापतात का?” वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा निकाल बरोबरच आहे. पीव्हीसी पाइपला काथ्या घट्ट गुंडाळून तो कुंडीत मध्यभागी रोवावा, झाड त्याला सैल बांधावं आणि त्या पारंब्या काथ्यात शिरू द्याव्यात. वेलीला धरायला काही मिळालं की पान मोठं होतं, हे पटत नसेल तर जुन्या बागेत जाऊन एखाद्या मोठ्या झाडावर चढलेला मनी प्लांट बघावा. घरी रमच्या बाटलीत तळहाताएवढ्या पानांवर वर्षानुवर्षं समाधान मानणारा तोच हा मनी प्लांट, तिथे सुपाएवढी, कडेने फाटलेली पानं घेऊन खोडावर बसलेला असतो. ओळख दाखवत नाही.

फिडल लीफ फिग मी सुचवणार नाही. पश्चिम आफ्रिकेतला हा फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांचा सख्खा भाऊबंद. आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ड्रेनेजच्या पाइपामागे भेगेत एक पिंपळ उगवला आहे. त्याला कुणी पाणी घालत नाही, दर दिवाळीला रंगारी तो छाटतो, तो पुन्हा येतो. आणि हे महाशय कुंडीची जागा दोन हात बदलली म्हणून पानं टाकतात.

शेवटची आणि सर्वांत कठीण पायरी: सुरळी. एखाद्या सकाळी जुन्या देठाच्या बगलेतून फिकट हिरवी, गुळगुळीत, केळीच्या पोंग्यासारखी घट्ट गुंडाळलेली सुरळी वर आलेली दिसते. मग घरात दुसरा विषय राहत नाही. ती रोज बोटभर वाढते, सैल होते, कडेची एक घडी सुटते, आणि नेमकी तिथेच थांबते. चार दिवस, कधी आठ. या काळात तिच्याकडे बघावं, फोटो काढावेत, नातेवाइकांना पाठवावेत. हात लावू नये. आतलं पान ओल्या टिश्यू पेपराइतकं नाजूक असतं.

मी सहाव्या दिवशी लावला. रविवार होता, दुपारी पाहुणे यायचे होते, पान तोवर उघडलेलं हवं होतं. अंगठा आणि तर्जनीने वरची घडी जरा सोडवली. आवाजसुद्धा झाला नाही. डाव्या बाजूला, शिरेपासून कडेपर्यंत, चार बोटं लांब फाट गेली. आता त्या पानाला तीन वर्षं झाली, ते झाडावरचं सर्वांत देखणं पान आहे. ती फाटही त्याच्याबरोबर वाढली, कडा वाळून तपकिरी झाल्या. येणारे ते पान बोटाने दाखवून म्हणतात, काय सुंदर कापे पडलेत हो याला.

मी म्हणतो, हो, प्रकाशाच्या बाजूला जरा जास्त पडतात. आई आतून खोकते.